नानामहाराजांनी बांधलेली सुई

कोठडीतून सुटून आलो त्या दिवशी आमच्या चाळीच्या तोंडाशी ही गर्दी होती. मला वाटलं, माझ्यासाठीच जमलेत. संयुक्त महाराष्ट्राच्या निदर्शनात काळे झेंडे घेऊन उभे राहिलो म्हणून आम्हा गिरणीवाल्यांना पकडलं होतं. सुटून येणाऱ्याला त्या दिवसांत लालबाग-परळात गुलाल लावत, खांद्यावर घेत. माझ्याबरोबर सुटलेल्या दोघांना त्यांच्या गल्लीत तसं घेतलेलं मी नुकतंच पाहिलं होतं. म्हणून मी सदऱ्याची बटणं नीट लावली आणि पुढे झालो.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना चाळीच्या पायरीकडे होत्या. पायरीवर चिंचपोकळीचे नानामहाराज उभे होते. भगवी छाटी, डोळे मिटलेले, दोन्ही हात वर.

"सांगितलं होतं की नव्हतं?" महाराज ओरडले.

"सांगितलं होतं!" गर्दी म्हणाली.

"काय सांगितलं होतं?"

"सुई!"

"सुई कोणाची वैरीण?"

"कांताची!"

कांता माझी बायको.

तेवढ्यात कोणीतरी मला पाहिलं. मग दुसऱ्याने पाहिलं. बोलणं तुटत तुटत थांबलं. शेजारचा भिवा माणसांतून वाट काढत आला आणि त्याने माझा दंड धरला. तो माझ्याच गिरणीत, माझ्याच साचेखात्यात, मागावर. एरवी सारखा बडबडणारा माणूस.

"दत्ता, वर चल."

"काय झालं?"

"तुला निरोप पाठवायला आम्ही किती फिरलो रे. कुठल्या कोठडीत ठेवलाय तेच कोणी सांगेना. तिला काल नेली."

मी विचारलं, "कुठे नेली?" खरंच विचारलं. मला वाटलं, गावी नेली असेल.

पायरीवरून महाराजांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा बघा तिचा नवरा. रडू नकोस, बाळा. विधात्याने लिहिलं होतं ते मी फक्त वाचलं." बायकांनी पदर तोंडाला लावले. दोघीतिघींनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या बायकोच्या मरणावर त्या माणसाचं नाव झालं, आणि ते होताना मी तिथे उभा राहून पाहिलं.

वर खोलीत चूल थंड होती. भिवाची बायको पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती कांतापेक्षा मोठी, आमच्याच बाजूची, देवगडकडची. मला पाहून ती उठली नाही, पण बोलायला लागली आणि थांबेना.

"भावजी, तिका ताप चढलो. छातीत दुखूक लागला. श्वास घेवक जमेना. मी आणि ह्येनी तिका टॅक्सीत घातली. इस्पितळात डाक्तरान माका तीनदा इचारल्यान, हिका कसला औषध सोसत नाय काय? आधी कधी सुईचो त्रास झालो काय? मी बोलाक नाय, भावजी. तोंड उघडूक नाय. तुमच्या गळ्याची शपथ."

मला कळेना. "का नाही बोललात, वहिनी?"

"महाराजांनी बांधलेला ना!" ती माझ्याकडे बघत राहिली. मी एवढं साधं विचारतोय याचंच तिला नवल वाटत होतं. "आणि आता महाराज म्हणतत, कोणीतरी नाव घेतला म्हणान बंधन तुटला. माझ्याकडे बघान म्हणतत. मी नाय घेतलंय हो. एक अक्षर नाय."

तिने आपली बाजू मांडली होती. मी बोलले नाही म्हणून मी निर्दोष, असं तिचं म्हणणं. मी खाली बसलो.

हे महाराज आमच्या भागात आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चिंचपोकळीच्या पुलाजवळ पूर्वी लोहाराचं दुकान होतं, त्या गाळ्यात ते बसत. दर गुरुवारी रांग रस्त्यावर येई. मी एकदा कांताला पोचवायला गेलो होतो, तेव्हा सगळं पाहिलं होतं.

बाकीचे बुवा डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतात. हा तसं म्हणत नसे, आणि त्यामुळेच शहाणीसुरती माणसंही त्याच्याकडे जात.

"मी डागदरांचा दुश्मन नाही!" तो सुरुवातीला सांगे. "डागदर कातडी बघतो, मी कातडीच्या आत बघतो. डागदराचं औषध प्या, खुशाल प्या! पण बाटली माझ्याकडे आणा. बाटलीत तुमचा रोग उतरलेला असतो. माणूस लबाड असतो, काच लबाड नसते. आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार, हे माझ्या गुरूंनी हिमालयात बसून पाहिलेलं आहे!"

यावर टाळ्या पडत. मुंबईचं नाव काढलं की आम्ही तेव्हा कोणालाही टाळ्या देत होतो.

मग गर्दीतला कोणीही एक जण पुढे बोलावून त्याच्याकडून तो डोळ्यांवर भगवं फडकं घट्ट बांधून घेई. रांगेतल्या माणसाने एक शब्द बोलायचा नाही. नाव नाही, गाव नाही, खोकायचंसुद्धा नाही. शिष्य घंटा वाजवी आणि माणूस आपली औषधाची रिकामी बाटली महाराजांच्या हातात देई. महाराज ती दोन्ही तळव्यांत धरत, कुरवाळत, घुमत आणि रोग सांगत.

भिवाला त्यांनी सांगितलं होतं, "गोडवा! रक्तात गोडवा! लघवीला मुंग्या लागतात की नाही?" भिवाला मधुमेह होता. तो तिथेच महाराजांच्या पायांवर आडवा पडला.

रोग सांगून झाला की महाराज बाटलीत तीर्थ भरत आणि बजावत. "आता या रोगाचं तोंड मी बांधलं आहे. याचं नाव ओठावर आणायचं नाही. नवऱ्याजवळ नाही, शेजाऱ्याजवळ नाही, डागदराजवळ तर नाहीच नाही. नाव घेतलंस की बंधन तुटलं. मग मला दोष देऊ नकोस."

कांताची पाळी आली त्या गुरुवारी मी नव्हतो. तिची बाटली हातात घेऊन ते म्हणे घाबरल्यासारखे मागे सरकले होते. "सुई! सुई तुझी वैरीण आहे! मी तिला बांधतो. आता सुई तुझं काही वाकडं करणार नाही. पण नाव घेऊ नकोस." पुतळाबाई शेजारी उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

म्हणजे इस्पितळात पुतळाबाई गप्प बसली ती कांताला वाचवायला गप्प बसली. डॉक्टर सुई भरत होता तेव्हा ती मनात महाराजांचं नाव घेत होती. सुई दिली आणि कांताचा चेहरा सुजला, गळा आवळला. डॉक्टरांनी धावाधाव केली, पण ती त्यांच्या हाती लागली नाही.

दोन-चार दिवसांनी मी इस्पितळात गेलो. भांडायला गेलो होतो. त्या वेळी ड्यूटीवर असलेला डॉक्टर अगदी तरुण निघाला. त्याने मला बाकावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"न्यूमोनिया होता," तो म्हणाला. "उशीर केला असता तर त्यातच गेली असती. मी विचारलं हो. तिला बोलण्याइतका श्वास नव्हता, आणि बरोबरच्या बाई नुसती नकाराची मान हलवत होत्या. मला एक शब्द जरी कोणी सांगितला असता तरी मी पेनिसिलिन दिलं नसतं. दुसरं औषध होतं माझ्याकडे. कपाटात होतं."

मी भांडलो नाही. उठलो आणि तिथून थेट भोईवाड्याच्या नाक्यावर डॉक्टर हेमचंद्र तळपदे यांच्या दवाखान्यात गेलो. आमची सगळी चाळ त्यांच्याकडेच जायची.

डॉक्टरांना कांता गेल्याचं माहीत होतं, कशाने गेली ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"पेनिसिलिन? तिला? अहो परब, तिला मी बजावलं होतं!"

मग त्यांनी सांगितलं ते मला अर्धंमुर्धंच ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात कांताच्या बोटाला नखुरडं झालं होतं. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली, आणि ती तिथेच टेबलावर काळीनिळी पडली. त्यांनी लगेच दुसरी सुई देऊन तिला परत आणलं. घरी येऊन ती मला एवढंच म्हणाली होती की सुई सोसली नाही, चक्कर आली.

"मी तिला म्हटलं, यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस की आधी हे सांग. तिने मान हलवली."

"आणि तुम्ही इस्पितळाला कळवलं नाहीत?"

"कोणाला कळवणार, परब? तशी पद्धत नाही. माझे पेशंट माझ्याकडे, त्यांचे त्यांच्याकडे. एक चिठ्ठी लिहून तिच्या हातात द्यायला हवी होती. ती मी दिली नाही. सांगितलं की काम झालं, असं समजलो."

ते सबबी सांगत नव्हते हे मला दिसत होतं. तरी माझा राग गेला नाही. ज्याला माहीत होतं तो दहा मिनिटांच्या वाटेवर बसला होता.

मग मी विचारलं, "डॉक्टर, त्या महाराजाला हे कसं कळलं? सुईचं?"

"कुठल्या महाराजाला?"

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. बाटली, डोळ्यांवरचं फडकं, भिवाचा गोडवा. ते ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकले.

"तिने कोणाला सांगितलं असेल."

"मलासुद्धा धड सांगितलं नाही. ती लाजाळू होती. ती सुई दिली तेव्हा खोलीत कोण होतं?"

"ती, मी आणि हरेश्वर. दुसरी सुई त्यानेच भरून दिली. झटपट दिली म्हणून वाचली." बोलता बोलता ते थांबले. "महाराज बाटली कुठली मागतो म्हणालात? माझ्याकडची?"

"तुमच्याकडचीच. एकाने दादरच्या डॉक्टरची बाटली नेली तर म्हणाले, तुझी श्रद्धा कच्ची आहे, आधी भोईवाड्याच्या डागदराकडे जाऊन ये, त्याच्या हाताला माझ्या गुरूंचा आशीर्वाद आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "गेले काही महिने माझी गर्दी वाढते आहे," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, माझा हातगुण." मग म्हणाले, "कांताबाईंची बाटली घेऊन या. धुऊ नका."

हरेश्वर त्यांचा कंपाउंडर. मी त्याच्यावर संशय घेतला नाही, हे लिहून ठेवतो. तो आमच्या तालुक्यातला. खाणावळ बंद असली की आमच्याकडे जेवायचा. कांताला सख्खा भाऊ नव्हता, भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. ती गेल्यावर तो माझ्या खोलीत येऊन ढसाढसा रडला होता आणि वर म्हणाला होता, "महाराज काय चीज आहे बघ, दत्ता. आधीच सांगितलं होतं."

बाटली नेली. त्या काळी पातळ औषध मिळायचं ते आपण घरून नेलेल्या बाटलीत. कंपाउंडर बाटली भरायचा आणि बाहेरून कागदाची एक उभी पट्टी कापून चिकटवायचा. पट्टीच्या कडांना खाचा. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. हे आम्ही इतक्या वेळा पाहिलेलं की बाटलीकडे कोणी बघत नसे. चांगल्या बुचाची बाटली माणशी एखादीच, म्हणून तीच दवाखान्यात जायची आणि तीच महाराजांकडे.

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. खाचा बरोबर होत्या. पण पट्टीच्या खालच्या टोकाला टाचणीने आतून टोचून काढलेले तीन ठिपके होते. डोळ्यांना दिसत नव्हते. डॉक्टरांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. खरखरीत लागलं.

"औषध मी लिहितो," डॉक्टर म्हणाले. "पट्टी हरेश्वर कापतो."

मी बाटली उचलली आणि चाळीकडे निघालो.

त्या संध्याकाळी मी चाळीतल्या बाटल्या मागून मागून हातात घेतल्या. भिवाच्या पट्टीचं खालचं टोक तिरपं कापलेलं. दुसऱ्या मजल्यावर एकाला मधुमेह, त्याचंही तिरपं. छातीच्या दुखण्याच्या माणसांची टोकं मधे चिरलेली. बायकांच्या आतल्या दुखण्याची टोकं गोल. ज्यांना काही विशेष नाही, त्यांची सरळ.

मी पुतळाबाईला बोलावून दाखवलं. तिने आपली बाटली हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला. मग भिवाची घेतली. पुन्हा आपली घेतली.

"ह्या उगीच काय तरी," ती म्हणाली. "कागद आसा तो. कसोय फाटता."

"वहिनी, हा फाटलेला नाही. कापलेला आहे."

"महाराज देवमाणूस आसत!"

"मग त्याला या कापाची गरज काय?"

ती एकदम ओरडली. "म्हणजे काय म्हणतास तुमी? त्येका देव सांगाक नसलो, तर बंधन पण नव्हता? बंधन नव्हता, तर मी गप बसलंय कशाक? माझ्या गप बसण्यान गेली ती?"

भिवा म्हणाला, "पुतळे, गप."

"गपच होतंय ना!" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मला तेव्हा समजलं की महाराज खोटा ठरवणं म्हणजे या बाईच्या डोक्यावर काय ठेवणं. ती मेहरबानी करून मी गप्प बसू शकलो असतो. पण भिवाला मधुमेह होता, दुसऱ्या मजल्यावरच्याला होता, आणि त्या सगळ्यांच्या ओठांना त्या माणसाने कुलूप लावलं होतं. उद्या त्यांतला कोणी बेशुद्ध पडून इस्पितळात गेला तर बरोबरचा माणूस पुन्हा मान हलवणार होता.

गुरुवारी सकाळी पुतळाबाईच माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. तिने तिची बाटली माझ्यापुढे धरली.

"ही तुमी न्या. माझी. तो खरो असलो तर त्येका कळतला, ही बाईची बाटली पुरुषान हाडल्यान. कळला तर मी त्येच्या पायावर डोक्या ठेवतलंय. आणि तुमीय ठेवायचा."

"कबूल."

"मी येतंय संगती."

डॉक्टर तळपदेही आले. दवाखाना बंद ठेवून, टोपी डोळ्यांवर ओढून गर्दीत मागे उभे राहिले. त्यांना तिथे कोणी ओळखलं नाही. दवाखान्यात आमची मान नेहमी खाली असायची.

घंटा वाजली. मी पुढे झालो. मिशा, सहा फुटी देह, साच्यावर बसलेले हात. न बोलता बाटली दिली. महाराजांनी ती कुरवाळली. आता कुठे बघायचं ते मला माहीत होतं. उजवा अंगठा पट्टीवरून खाली सरकला, टोकाशी थांबला, गोलावरून फिरला.

"माउली!" महाराज घुमले. "लाजू नकोस, माउली! तुझ्या कुशीत थंडी शिरली आहे. महिन्याच्या महिन्याला कंबर मोडते की नाही? पांढरं जातं की नाही?"

मग मागून एक गिरणीवाला म्हणाला, "अरे दत्ता, तुला कधीपासून?" आणि गाळा हसण्याने दणाणला. कोणी शिट्टी मारली. "मुकादमाला सांग रे, बाळंतपणाची रजा देईल!"

शिष्याने घाबरून महाराजांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. मला वाटलं, संपलं. पण तो माणूस कच्चा नव्हता. डोळ्यांवरचं फडकं न काढता त्याने दोन्ही हात उंचावले आणि किंकाळी फोडली.

"हसू नका, पाप्यांनो! या पुरुषाच्या मागे एक बाई उभी आहे! हिरवं लुगडं! ही याची मेलेली बायको! कांता! ती माझ्याशी बोलते आहे!"

हसणं गळ्यातच थांबलं. एक म्हातारी हात जोडून खाली बसली. कोणी म्हणालं, "खरंच की, याची बायको गेली!" माझ्या अंगावर काटा आला तो रागाने. कांता मेल्यावरही तो तिला वापरत होता. मी त्याच्या अंगावर गेलो असतो, आणि मग त्याचंच साधलं असतं.

पण पुतळाबाई रांग मोडून पुढे आली. तिच्या हातात भिवाची बाटली होती. तिने अंगठा तोंडात घालून ओला केला आणि सगळ्यांसमोर बाटलीवरची पट्टी चोळायला लागली. खळ सुटली, कागद निघाला. तिने तो चोळामोळा करून खाली टाकला आणि नुसती काच महाराजांच्या हातात दिली.

"आता सांग," ती म्हणाली.

"बोलायचं नाही!" शिष्य ओरडला.

"मी बोलतलंय. एकदा गप बसलंय ता पुरे झाला. ही बाटली तू चारदा हातात घेतलंस. कोणाची ता सांग. रोग सांग. काच लबाड नसता ना?"

महाराजांनी बाटली धरली. अंगठा काचेवरून खाली गेला. वर आला. बाटली फिरवली, पुन्हा खाली गेला. सगळ्या गाळ्याने तो अंगठा पाहिला. तो गुळगुळीत काचेवर कागद शोधत होता. डोळ्यांवर भगवं फडकं आणि खाली तो अंगठा.

"या बाटलीला... बाधा आहे," महाराज म्हणाले.

"बाधा नाही, पट्टी नाही," मागून डॉक्टर म्हणाले. ते पुढे आले, टोपी काढली. "मी तळपदे. ज्याच्या हाताला याच्या गुरूचा आशीर्वाद आहे तो. आपापल्या बाटल्या काढा आणि पट्टीच्या खालच्या टोकावरून बोट फिरवा."

त्यांनी तिरपं, चिरलेलं, गोल, सगळं समजावून सांगितलं. माणसं एकमेकांच्या बाटल्या घेऊन चाचपायला लागली. "माझी तिरपी!" "माझी चिरलेली!" असं चाललं. मग हळूहळू कोणी मोठ्याने बोलेना. प्रत्येकाच्या हातात आपल्या दुखण्याचं चिन्ह होतं, आणि ते त्यांच्या विश्वासातल्या माणसाने कापलेलं होतं.

एकाने विचारलं, "मग नाव घेऊ नका, ते कशाला सांगायचा?"

"कारण तुम्ही मला येऊन सांगितलं असतं की महाराजांनी रोग ओळखला, तर मी दुसऱ्या दिवशी विचारलं असतं की कसा ओळखला," डॉक्टर म्हणाले. "त्याला स्वतःचं बिंग झाकायचं होतं. त्यासाठी त्याने तुमची तोंडं बांधली. कांताबाई त्यात गेल्या."

या गडबडीत शिष्य मागच्या दाराने पळाला. महाराजांना पोरांनी धरून पुलापलीकडच्या पोलीस चौकीपर्यंत पोचवलं. पोलिसांनी त्यांना नंतर सोडून दिलं, असं ऐकतो. गिरगावात कुठे बसतात म्हणे, आता बाटलीऐवजी नारळ घेतात.

हरेश्वर मला दवाखान्याच्या दाराशी भेटला. पेटी हातात होती, गावी निघाला होता.

"मी कोणाला मारलं नाही, दत्ता," तो म्हणाला. "मी कागद कापला. नुसता कागद. महाराज म्हणायचे, लोकांना धीर मिळतो. त्यात वाईट काय, असं वाटलं."

"ते टाचणीचे ठिपके कधी टोचलेस?"

त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"दुसरी सुई भरून तिला वाचवलीस त्याच दिवशी ना? भाऊबीज होऊन किती दिवस झाले होते?"

"मला काय ठाऊक ती इस्पितळात जाईल म्हणून," तो म्हणाला. "आणि तिथे कोणी बोलणार नाही म्हणून."

कांताला पेनिसिलिन चालत नाही हे हरेश्वरला माहीत होतं. त्याने ते एका भोंदूला कळवलं, वेळेवर कळवलं, बिनचूक कळवलं. ज्या एका माणसाला कळायला हवं होतं त्याच्यापर्यंत मात्र ते गेलं नाही. माझं मन तिथेच अडकून राहतं. मी त्याला माफ केलेलं नाही.

पुतळाबाई माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. पण भिवाला घेरी आल्यावर ती त्याला इस्पितळात घेऊन गेली तेव्हा, भिवा सांगतो, डॉक्टरने विचारायच्या आधी ती दारातूनच ओरडत गेली, "ह्येंका गोड लघवी आसा! सुई चालू आसा! सकाळी जेवूक नाय!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. तिला त्याचं काही वाटलं नाही. मधुमेहाची सुई घेऊन उपाशी राहिल्याने त्याची साखर एकदम उतरली होती; डॉक्टरने साखर दिली आणि भिवा उठून बसला.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रोगाचं नाव घेतल्याने रोग वाढत नाही. बांधल्याने सुई बांधली जात नाही. जो तुमचं दुखणं न सांगता ओळखतो त्याला आधी विचारा, तुला कोणी सांगितलं? आणि जो डॉक्टर तुम्हाला विचारतो त्याला सगळं सांगा, लाज वाटली तरी सांगा. त्याला अंतर्ज्ञान नसतं, आणि नसतं म्हणूनच तो विचारतो.

आता महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. आम्ही गुलाल उधळला, मीही उधळला. डॉक्टर तळपदे आता ज्याला एखादं औषध सोसत नाही त्याला चिठ्ठी लिहून देतात आणि सांगतात, हवं तर गळ्यात बांधा, पण जवळ ठेवा. ते एकटेच देतात. बाकीचे दवाखाने देत नाहीत. मी तीनदा इस्पितळात जाऊन विचारलं की दवाखान्यांनी अशी माहिती तुमच्याकडे आधीच पाठवली तर तुम्ही ती ठेवाल का. कोणाकडे ठेवायची ते तिथे कोणी सांगू शकलं नाही. भोईवाड्याच्या डॉक्टरला पेशंटबद्दल जे माहीत आहे ते इस्पितळात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला कळेल अशी व्यवस्था अजून झालेली नाही.